हात सुटला की टिटवी थांबते

३ फेब्रुवारी

दादाशी भांडण झालं की लहानपणी मी त्याच्या पाठीत धपाटा घालून पळायचे. आता मी चाळिशी ओलांडली, तो पन्नाशीला टेकला, आणि ऑफिसात रंगाऱ्यासमोर धपाटा घालता येत नाही. म्हणून ही वही. धपाटे इथे घालायचे.

आजचं भांडण तिसऱ्या टिटवीवरून. टिटवी म्हणजे आमचं यान, हातात धरून खेळायच्या छोट्या कन्सोलसाठी आम्ही करतो त्या गेममधलं. टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात, त्यावरून हे नाव दादानंच ठेवलं. पहिल्या भागात ती अंतराळात सरळ वर जायची, समोरून शत्रू रांगा लावून यायचे, डाव्या अंगठ्यानं यान हलवायचं आणि उजव्यानं गोळ्यांचं बटण बडवत सुटायचं. दुसऱ्या भागात तेच, फक्त शत्रू जास्त. लोकांचे अंगठे सुजले तरी लोक थांबले नाहीत. गोष्ट, शत्रू, लेव्हल मी रचते, रंगारी चित्रं काढतो, पण त्या बडवण्यातली गंमत सगळी दादाच्या हाताची. कोड लिहायचा, कन्सोल घेऊन जरा खेळायचं, "मीठ कमी आहे" म्हणायचं आणि परत कोडमध्ये डोकं घालायचं. यान किती सरकावं, गोळी सुटताना किती झटका बसावा, हे त्याच्या हाताला कळतं. देवानं त्याच्या मेंदूतला थोडा भाग अंगठ्यात ठेवलाय.

आणि हा माणूस आज म्हणतो, "बडवणं काढून टाकू."

"आणि मग काय, भजन करायचं?"

"बटणंच नकोत. एक अंगठा स्क्रीनवर टेकवायचा. सरकवशील तिकडे टिटवी जाईल, वर, खाली, मागे, कुठेही. टिचकी दिली की एक गोळी. एकच. आणि हात सुटला की टिटवी थांबते."

"आणि शत्रू?"

"तेही थांबतात. सगळं आभाळ थांबतं. परत अंगठा टेकवला की पुढे."

"म्हणजे लढाईच्या मधेच उठून पाणी पिऊन यायचं! मग माणूस मरणार कधी?"

"मरायची एवढी घाई कशाला तुला, भिंगरे?"

मी एका जागी बसत नाही म्हणून लहानपणापासून मी त्याची भिंगरी. रंगारी फिदीफिदी हसला. मी दोघांशी बोलले नाही.

मुदत वीस मार्चची आहे. गेम बाजारात आणणाऱ्या प्रकाशकांना हा भाग पसंत पडला नाही तर पुढचं काम बंद, आणि शिलाई मशीनवाल्याच्या दुकानावरची ही खोलीही जाणार. मग दादा एका कंपनीत, मी दुसऱ्या कंपनीत. चाकरीला मी भीत नाही. पण दादा शेजारच्या खुर्चीत नसला तर मला एक ओळ सुचत नाही. हे मात्र मी त्याला मेले तरी सांगणार नाही.

५ फेब्रुवारी

दादाचा कच्चा नमुना खेळून पाहिला. चडफडत खेळायला बसले आणि चहा गार झाला तरी उठले नाही. आभाळ मोठं वाटतं. एकच गोळी म्हटल्यावर माणूस विचार करतो. हरले मी. करू या म्हणाले.

एक खोड मात्र आहे. नकाशा, इंधन, उरलेले जीव, सगळं त्यानं उजव्या कडेला कोंबलंय. खेळताना आपलाच अंगठा त्यावर येतो आणि काही दिसत नाही. सांगितलं तर म्हणे, "बघू." हल्ली दाढीही वाढवलीय. कलावंत झालेत आमचे बंधुराज. शर्टही सोडले, बिनबटणांचे ढगळ सदरे चढवून येतो. वयात आलेल्या पोरानं करावेत ते चाळे पन्नाशीत.

१० फेब्रुवारी, मंगळवार

दादा दुपारी उगवला. गेल्या मंगळवारीही तेच. वहिनी खाली सोडून गेली. "कुठे होतास?" तर "काम होतं." दादाला माझ्यापासून वेगळं काम? त्याला फोन आला की तो जिन्यात जाऊन बोलतो. परत येतो तेव्हा चेहरा पाटीसारखा कोरा.

१२ फेब्रुवारी

आणखी एक कप फोडला. सांडलवंडी कुठला! मी ओरडले, फडकं घेऊन धावले, काचा गोळा केल्या. तो नुसता उभा. मदतीला वाकेल तर शपथ.

आणि एक लक्षात आलं. हल्ली तो स्वतः खेळतच नाही. "रंगाऱ्या, तू खेळ, मी बघतो." पूर्वी कन्सोलला कुणी हात लावला तर अंगावर यायचा. कोडही कूर्मगतीनं चाललाय. आपल्याच कल्पनेवरून मन उडालं असेल तर तसं सांग ना बाबा. हातचं राखून काम करणारा माणूस नव्हता हा.

१८ फेब्रुवारी

आज प्रकाशकांकडच्या बाई आल्या होत्या. सगळं त्यांच्या मतावर ठरतं. त्यांनी हसत हात पुढे केला आणि आमचे राजे खिशात हात घालून उभे! नुसती मान हलवली. मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी आत जावं. मीच पुढे होऊन त्यांचा हात धरला आणि नको तितका वेळ हलवत राहिले.

बाई खेळल्या. आधी कपाळाला आठी, मग दुसरी.

"यात कस कुठे आहे? हा तर डाव्या हातचा मळ आहे."

यावर दादा हसला. मोठ्यानं, एकटाच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कुणालाच कळेना, हसण्यासारखं काय आहे. बाई ओशाळल्या.

"लोकांना टिटवी म्हणजे बडवणं हवं असतं," त्या म्हणाल्या. "वीस तारखेपर्यंत ते परत घाला. नाहीतर मला वर हो म्हणता येणार नाही. आणि अंगठा उचलला की सगळं थांबतं, ती चूक तेवढी दुरुस्त करा."

"चूक नाही ती," दादा म्हणाला.

जाताना बाई माझ्याशी बोलल्या, त्याच्याशी नाही.

१९ फेब्रुवारी

आज सोक्षमोक्ष.

मी म्हटलं, बडवणं परत घाल, तुला काय जड आहे, मागच्या भागातला कोड तयार आहे, तुझा हात फिरला की झालं. तो म्हणाला, "मला नाही जमणार."

"जमणार नाही की करायचं नाही?"

तो खिडकीतून बाहेर बघत बसला. खाली शिलाई मशीनवाला कुठलंतरी मशीन चालवून पाहत होता, त्याची टकटक वर येत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझ्या हातात आता काही राहत नाही, भिंगरे."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "हो का? कल्पना तुझी, कोड तुझा, उजव्या कडेचा तो नकाशासुद्धा तुझा, मी माझी सगळी गोष्ट तुझ्या एका अंगठ्याखाली वाकवली, आणि तुझ्या हातात काही राहत नाही? माझ्या हातात काय आहे मग? घंटा?"

  त्यानं पिशवी डाव्या खांद्याला अडकवली आणि निघून गेला. दारसुद्धा नीट लावलं नाही.

रंगारी म्हणाला, "ताई, जरा जास्तच झालं." मी त्यालाही सुनावलं. आज तोंडाला कुलूप नव्हतंच.

२२ फेब्रुवारी

वहिनी घरी आली, न कळवता. स्वयंपाकघरात बसली, चहाला नको म्हणाली, टेबलावरचा साखरेचा डबा फिरवत राहिली.

"अगं, ह्यांच्या हातून नाही व्हायचं ते आता. तू आग्रह धरू नकोस."

"वहिनी, तुम्ही त्याचीच बाजू घेणार."

"बाजू कसली गं? तुला दिसत नाही का?"

"दिसतंय की. मंगळवारचं गायब होणं दिसतंय, जिन्यातले फोन दिसतायत. तुम्हीच सांगा, काय चाललंय?"

तिचे डोळे भरले. "ह्यांनी शपथ घातलीय मला. तूच विचार. भांडू नकोस, नुसतं विचार."

म्हणजे खरंच आहे. दुसरीकडे नोकरी बघतोय. बहिणीला सांगायचं धाडस नाही म्हणून बायकोला शपथा. वहिनी गेल्यावर मी भांडी इतक्या जोरात घासली की एका पातेल्याचा कान तुटला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

केलं. लाज वाटते लिहायला, पण केलं. दादा-वहिनीच्या मागे गेले.

मोठ्या रस्त्यावरच्या काचेच्या इमारतीत गेले दोघं. वहिनीनं त्याचा दंड धरला होता, जसं काही साहेब दार चुकतील. ती दोघं लिफ्टमध्ये शिरेपर्यंत मी समोरच्या बस थांब्यावर उभी होते. मग जाऊन पाट्या वाचल्या. दंतवैद्य, वकील, विमावाले, मेंदूचे डॉक्टर, आयात-निर्यात. आणि सगळ्यांत वर, सोनेरी अक्षरांत, त्या बड्या गेमवाल्यांचं ऑफिस, ज्यांच्याकडे चारशे माणसं कामाला आहेत.

वाटलं तेच. मुलाखत एकदा होते, दर मंगळवारी जातो म्हणजे बोलणी पुढे गेलेली असणार.

बसमध्ये रडले. शेजारच्या म्हातारबाबांनी न बोलता खिडकी माझ्या बाजूनं उघडून दिली.

२७ फेब्रुवारी

एक भाडोत्री कोडवाला आणला. रंगाऱ्यानं त्याचं नाव झटपट ठेवलं, कारण काहीही विचारा, तो "झटपट करून टाकू" म्हणतो. दादाचा सगळा कोड मी त्याच्या हवाली केला.

दादाला समोर बसवून सांगितलं. तयारी करून गेले होते, तो चिडेल, मी चिडेन, मग मी म्हणेन जा तुझ्या सोनेरी पाटीवाल्यांकडे. तो फक्त "बरं" म्हणाला. खण रिकामा करायला लागला, एकेक वस्तू, अशा संथपणे की मला पाहवेना. दारात थांबून म्हणाला, "एक कर. थांबणं तेवढं काढू नकोस."

"तू हात वर केलेस ना? मग आता सूचना नकोत."

तो हसला. "वर तरी कुठे होतोय," म्हणाला आणि गेला.

काय बोलतो त्याचं त्याला ठाऊक. खुर्ची रिकामी आहे. रंगाऱ्यानं तिच्यावर कागद ठेवले तर मी ते उचलून खाली ठेवले.

६ मार्च

झटपटनं झटपट केलं. टिटवी सरळ वर जाते, शत्रू रांगा लावून येतात, बटण बडवलं की गोळ्यांचा पाऊस. थांबणं काढलं. नकाशा डावीकडे आणला. बाईंनी सांगितलेलं सगळं आहे, आणि गेम मेलाय. का मेलाय ते सांगता येत नाही. बडवलं तर बडवलं, नाही तर नाही, अंगठ्याला काही कळतच नाही.

झटपटला म्हटलं, "मीठ कमी आहे." तो म्हणाला, "मीठ म्हणजे कुठला आकडा वाढवू ते सांगा."

मला आकडा माहीत असता तर!

दादाला दोनदा फोन केला. उचलला नाही. तिसऱ्यांदा वाजायच्या आत मीच कापला.

११ मार्च

जुन्या चाहत्यांपैकी चौघांना बोलावून झटपटची टिटवी दिली. एकानं जांभई दिली. एक बाई शाळेत शिकवतात, दोन्ही भाग त्यांना तोंडपाठ. त्यांनी कन्सोल टेबलावर ठेवला आणि मला विचारलं, "हे तुम्हीच केलंत?" इतक्या हळुवारपणे विचारलं की शिवी परवडली असती.

वीस तारीख अंगावर येतेय. दादाची टिटवी पाठवावी तर बाई नको म्हणणार, ही पाठवावी तर मलाच नको. इकडे आड तिकडे विहीर. जेवण जात नाही. काय करू, कुणाला विचारू? ज्याला विचारायचं त्यालाच मी हाकललं.

१४ मार्च

अक्षर वाचता आलं तर नशीब. डाव्या हातानं लिहितेय. किटलीतलं उकळतं पाणी उजव्या हातावर ओतून घेतलं. लक्ष कुठे होतं देवास ठाऊक. डॉक्टरनं बोटांपासून मनगटापर्यंत गुंडाळलंय, दोन आठवडे हलवायचा नाही.

केस बांधता येत नाहीत. सदऱ्याची बटणं लागत नाहीत, शेवटी ढगळ बिनबटणांचा चढवला. डाव्या हातानं दात घासताना अर्धी पेस्ट कानाला. हसावं की रडावं.

१५ मार्च, रविवार

पाच दिवस उरलेत, घरी हातावर हात ठेवून बसवेना. एक हात तर बांधलेलाच आहे. झटपटची टिटवी डाव्या हातानं खेळायला घेतली. अशक्य. हलवायचं की बडवायचं? पहिल्या रांगेतच मेले, पुन्हा पुन्हा मेले. वैतागून दादाची शेवटची आवृत्ती लावली. म्हटलं, डाव्या हातचा मळ ना, बघू.

डावा अंगठा टेकवला आणि टिटवी निघाली.

सगळं दिसत होतं. नकाशा, इंधन, जीव, उजव्या कडेला, स्वच्छ. माझा अंगठा कशावरही येत नव्हता. शत्रू असे येत होते की डाव्या अंगठ्याला पोचता यावं. स्क्रीनच्या पलीकडच्या टोकाला जायची एकदाही गरज पडली नाही. मी कितीतरी वेळ खेळले आणि एका अवघड जागी, तीन शत्रू अंगावर आलेले असताना, एकाच हातात धरलेला कन्सोल निसटला आणि जमिनीवर पडला.

गेलं, म्हटलं. वाकून, चाचपडत, डाव्या हातानं तो कडेला सरकवून, कसाबसा उचलला. बराच वेळ लागला.

टिटवी होती तिथेच होती. तिन्ही शत्रूही तिथेच. सगळं आभाळ माझी वाट बघत थांबलं होतं.

मी तशीच जमिनीवर बसले. कप. दाढी. बिनबटणांचे सदरे. खिशातला हात. रंगाऱ्या, तू खेळ. मेंदूचे डॉक्टर.

माझ्या हातात आता काही राहत नाही, भिंगरे.

तो सांगत होता. शब्दन् शब्द खरा सांगत होता, आणि मी त्याला घंटा म्हणाले.

१६ मार्च

दार वहिनीनं उघडलं. माझा चेहरा बघून बाजूला झाली. दादा टेबलाशी बसला होता. मी आत पाऊल टाकलं आणि तो उठलाच, "हाताला काय झालं?"

पहिल्याच नजरेत. मी महिनाभर एका खोलीत शेजारी बसून जे विचारलं नाही, ते त्यानं दारातच विचारलं. मी नुसती हुंदके देत उभी.

"अगं भाजलंय की तुटलंय? बोल ना!"

"तुझ्या हाताला काय झालंय?" मी म्हटलं.

तो खाली बसला. वहिनी आत निघून गेली. त्यानं उजवा हात टेबलावर ठेवला, म्हणजे डाव्यानं उचलून ठेवला. अंगठ्याच्या बुडाशी मांस उरलं नव्हतं. ज्या अंगठ्यावर दोन टिटव्या उडाल्या तो असा आडवा पडला होता.

"कधीपासून?"

"दुसरा भाग संपत आला तेव्हा. आधी वाटलं, बडवून बडवून दुखावला. मग कप पडायला लागले. नसा वाळत चालल्यात म्हणतात."

"आणि डावा?"

"बघू म्हणाले."

"बघू म्हणजे काय?"

"डॉक्टर बघू म्हणतो त्याचा अर्थ तूच बघ."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं की. हातात काही राहत नाही म्हणालो. तू भांडायला लागलीस." आणि तो हसायला लागला, आणि मग मीही, रडता रडता. वहिनी धावत बाहेर आली, तिला वाटलं, आम्ही पुन्हा जुंपलो.

त्या सोनेरी पाटीचं सांगितलं तेव्हा तर त्याला ठसकाच लागला. "त्यांनी मला घेतलं असतं गं, पण मुलाखतीला हात पुढे करावा लागतो."

मग मी कामाचं बोलले. म्हटलं, बाईंना खरं सांगू या. एका हाताचा गेम, का केला ते कळलं तर त्या नाही म्हणूच शकणार नाहीत. सगळं वाचेल, खोलीसुद्धा. त्याचा चेहरा बंद झाला.

"नाही सांगायचं."

"दादा, सगळं जाईल."

"जाऊ दे. मग लोक माझी कीव म्हणून खेळतील. कुणाला टिटवी आवडली की माझं दुखणं आवडलं, मला कधी कळणारच नाही. मला तेवढं तरी कळू दे."

मी भांडले. खूप भांडले. शेवटी हो म्हणाले. शपथ त्यानं घातली नाही, मीच घेतली.

१९ मार्च

तीन दिवस त्याच्या जेवणाच्या टेबलावर काम केलं. तो डाव्या हाताच्या बोटांनी कोड लिहितो, मी डाव्या अंगठ्यानं खेळते. रंगारीही कन्सोल घेऊन इथेच आलाय. त्याला दादानंच सांगितलं. तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला आणि परत आल्यावर नेहमीपेक्षा वाईट विनोद करायला लागला.

"काय वाटतं अंगठ्याला?" दादा विचारतो.

"चिखलातून चालल्यासारखं."

"आता?"

"बर्फावरून."

"आता?"

"अं... ओल्या वाळूवरून. अनवाणी."

"हां. मीठ बरोबर आहे."

त्याला न खेळता कळतं. माझा अंगठा, त्याचं मीठ. संध्याकाळी गेम पाठवून दिला. बडवणं नाही, रांगा नाहीत, थांबणं आहे. लगेच बाईंचा निरोप आला, "अंगठा उचलला की सगळं थांबतं, ती चूक दुरुस्त करायची राहिली का?"

का ते एका ओळीत लिहिता आलं असतं. ती ओळ माझ्या डोक्यात तयार होती, आणि तिनं सगळं वाचलं असतं. दादा माझ्याकडे बघत होता. मी एका बोटानं लिहिलं, "चूक नाही."

२७ मार्च

नाही म्हणाले.

बाईंनी फोन केला. आवाज वाईट वाटल्यासारखा होता, कदाचित खरंच वाटलं असेल. टिटवी हे नाव त्यांचं आहे, करारात तसं आहे. तिसरा भाग दुसरीकडून करून घेणार, जुन्याच पद्धतीचा, बडवण्याचा. आमचा गेम आमच्याकडे राहील, पण टिटवी म्हणून नाही. खोली महिनाअखेरीला सोडायची. जाता जाता कळलं की त्यांनी झटपटला बोलावलंय. रंगारी म्हणाला, "झटपट लागली नोकरी." कुणी हसलं नाही.

मी माझ्या घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. एक ओळ, फक्त एक ओळ लिहायची होती. मी ती का लिहिली नाही? बरोबर केलं की मूर्खपणा केला, मला खरंच कळत नाही. दादाला फोन करून सांगितलं. त्यानं विचारलं, "खेळल्या का त्या शेवटपर्यंत?"

"हो. शेवटपर्यंत खेळल्या म्हणाल्या. दोनदा."

"दोनदा?"

"दोनदा."

"बरं," तो म्हणाला.

३१ मार्च

खोली रिकामी केली. दादाची खुर्ची मशीनवाल्याला देणार होतो, मी दिली नाही, ती दादाच्याच घरी आणली. हातावरची पट्टी आज निघाली. कातडी गुलाबी आहे, नवी. उजवा हात पुन्हा माझा झाला आणि मला दादासमोर तो वापरायची लाज वाटत होती. त्याच्या लक्षात आलं. "अगं, भाजी चीर त्या हातानं, वहिनीला मदत होईल," म्हणाला.

गेमला नाव नाही. बाजारात कोण आणणार, माहीत नाही. रंगारी दुसरीकडे लागलाय, रविवारी येईन म्हणतो. आम्ही दोघं टेबलाशी बसलो होतो, वहिनीनं चहा आणला.

"डावा गेला की काय करायचं, भिंगरे?" दादानं विचारलं. सहज, हवापाण्यावर बोलावं तसं.

  त्यानं डाव्या हातानं कप उचलला, अर्ध्यावर आणला आणि तो निसटला. चहा सगळा फरशीवर, कपाचे तुकडे खुर्चीखाली.

डाव्या हातातून, पहिल्यांदाच.

 वहिनी फडक्याकडे धावली. मीही अर्धी उठले होते, तोंडात सांडलवंडी आलंच होतं. मग मी वहिनीचं मनगट धरलं आणि परत बसले. तीही थांबली.

दादानं आमच्याकडे पाहिलं. मग हळूहळू खाली वाकला. एक तुकडा सापडला, तो निसटला, परत धरला. दुसरा टेबलाच्या पायाशी होता. बराच वेळ लागला. मी, जिला एका जागी बसता येत नाही ती मी, बसून राहिले.

सगळे तुकडे टेबलावर आले तेव्हा त्याला दम लागला होता. हात सदऱ्याला पुसला.

"हां," तो म्हणाला. "चल पुढे."

मी कन्सोल त्याच्या डाव्या हाताशी सरकवला.